ढेप, बुरशी आणि दूध



पोळा हा आपल्या वऱ्हाडातला बैलांचा मोठा सण. आदल्या सांजेला आपण बैलाचे खांदे तुपा-हळदीने शेकतो, त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतो, आणि दुसऱ्या दिवशी अंगावर झूल घालून तोरणाखाली नेतो. त्या दिवशी गव्हाणीत पुरणपोळी पडते, आणि ऐपत असेल त्याच्या घरी ओंजळभर सरकी किंवा ढेपही पडते. वर्षभर राबलेल्या जनावराला त्या दिवशी चांगलेचुंगले मिळावे, ही त्यामागची भावना.

पण कधी हिशेब केला आहे का? पोळा येतो श्रावणी अमावस्येला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. कापूस वेचला जातो दिवाळीच्या सुमारास आणि पुढे माघ-फाल्गुनापर्यंत. सरकी निघते तेव्हाच, आणि बहुतेक ढेपही तेव्हाच. म्हणजे पोळ्याला आपण जी ढेप फोडतो, ती कित्येकदा सहा-सहा महिने कुठल्यातरी गोदामात पडलेली असते, आणि तिच्यावरून दोन महिन्यांचा पावसाळा गेलेला असतो. देशावर जिला पेंड म्हणतात, तिलाच आपण ढेप म्हणतो. या ढेपेची, आणि तिला लागणाऱ्या बुरशीची हकीकत आज सांगायची आहे. ती आपल्या वावरापासून सुरू होते, विलायतेला जाते, आणि परत येऊन आपल्या घरच्या दुधाच्या पेल्यात उतरते.

आधी जुना काळ पाहू. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात कापसाची सरकी घरोघरी हाताच्या चरखीवर निघत असे. रुई बाजारात जाई आणि सरकी घरात राही. पेरणीपुरती बाजूला काढून उरलेली बैलाच्या आणि म्हशीच्या वाट्याला येई. ती कोणत्या वावरातली, कोणत्या वेचणीची, तिच्यावर पाऊस पडला होता की नाही, हे घरच्या बाईला ठाऊक असे. ओलसर सरकी हाताला गरम लागते, कुबट वास मारते, हे तिला कोणी शिकवावे लागत नसे.

ज्वारीचेही तसेच. ज्वारी पेवात साठवीत. पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार. ते उघडले की लगेच आत उतरू नये, आधी वारे खेळू द्यावे, नाहीतर माणूस गुदमरतो, हे लहान पोरालाही माहीत असे. पेवाच्या तोंडाजवळचे आणि कडेचे दाणे ओल लागून काळवंडत, त्यांची ढेकळे होत. मग वाटणी ठरलेली असे. मधले टणक दाणे माणसांना, कडेचे काळे दाणे ढोरांना. 'माणसाला नाही चालत, ते ढोराला चालते' हा आपला पिढ्यानपिढ्यांचा नियम. त्यात कंजूषपणा नव्हता. अन्न उकिरड्यावर टाकणे हे पाप, आणि जनावराचे पोट मोठे, ते काहीही पचवते, अशी समजूत होती. ही समजूत किती खरी आणि किती खोटी, हाच आजचा प्रश्न आहे.

आता आगगाडी आली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. 1867 साली अकोला-बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते शेजारच्या खामगावची शाखा-रेल्वे आणि कापसाचा बाजार सुरू झाला. पुढे गावोगाव वाफेवरच्या जिनिंग आणि प्रेसिंगच्या गिरण्या उभ्या राहिल्या. घरची चरखी माळ्यावर गेली.

या बदलाबद्दल आपण पुष्कळ वाचतो, पण एका गोष्टीकडे फारसे कोणी पाहिले नाही. चरखीबरोबर सरकीही घरातून गेली. शेतकरी कापूस गाडीत भरून शहरात नेऊ लागला आणि रिकामी गाडी घेऊन परतू लागला. सरकी व्यापाऱ्याची झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई बंदरातून सरकीची जहाजे इंग्लंडातल्या हल बंदरात जात. तिथे तेल निघे आणि ढेप तिकडच्या गाईंना मिळे. पुढे आपल्याकडेही तेलघाण्या वाढल्या, आणि अकोला तर सरकी ढेपेची मोठी पेठ बनले, इतकी की ढेपेच्या वायदेबाजारात अकोल्याचा माल हा देशाचा आधारभाव ठरला.

अशा रीतीने जी सरकी गावातून फुकट गेली, ती ढेप होऊन पोत्यात बांधून विकत परत आली. पण येताना तिची ओळख हरवली. दहा गावांची सरकी एकत्र झाली. पहिल्या वेचणीची पांढरी आणि शेवटच्या कवडी कापसाची डागी एकाच घाण्यात गेली. शिवाय दळून, दाबून तिचा चेहराच बदलला. सडका दाणा डोळ्याला दिसतो. दळल्यावर तो कुठे दिसणार?

याची किंमत काय, हे जगाला कळले ते 1960 साली, आणि तेही आपल्यापासून फार दूर. इंग्लंडात टर्की नावाचा कोंबडीच्या कुळातला मोठा पक्षी नाताळाच्या जेवणासाठी पाळतात. त्या वर्षी टर्कीची पिल्ले धडाधड मरू लागली. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक मेली. पशुवैद्यांनी आधी एखादा नवा संसर्ग असेल असे धरले. नाव सापडेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स रोग' म्हटले. पण रोग एका खुराड्यातून दुसऱ्यात पसरत नव्हता. मग ध्यानात आले की मेलेल्या पिल्लांचे बहुतेक खाद्य लंडनमधल्या एका गिरणीतून आलेले आहे, आणि त्यात ब्राझील देशाहून आलेली भुईमुगाची ढेप आहे. बदकाच्या पिल्लांना ती ढेप चारून पाहिली. तीही यकृत बिघडून मेली.

त्या ढेपेत बुरशीचे धागे मेलेले होते, पण तिने तयार केलेले विष शिल्लक होते. त्या बुरशीचे शास्त्रीय नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. त्यातील पहिले अक्षर आणि 'फ्ला' घेऊन विषाला नाव मिळाले अफ्लाटॉक्सिन. अतिनील किरणांखाली धरले असता त्याचा काही भाग निळा चमकतो आणि काही हिरवा. त्यावरून त्याचे 'बी' आणि 'जी' असे प्रकार पाडले. बी-1 हा त्यांतला सर्वांत जहाल. आपल्याकडे दमट पावसाळ्यात भुईमुगाच्या शेंगेवर, मक्यावर, सरकीवर जी हिरवी-पिवळी भुकटी दिसते, ती याच कुळातली असू शकते. पंचवीस ते पस्तीस अंश उष्णता आणि भरपूर ओल हे तिचे आवडते हवामान. आपला भाद्रपद म्हणजे तिची सुगीच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बुरशी आणि बुरशीचे विष या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ढेप उन्हात घातली, वरची भुकटी झटकली, तर बुरशी जाईल. विष जाणार नाही. ढेप शिजवली, दूध उकळले, तरी ते पुरते नाहीसे होत नाही. सापाचे दात काढले तरी आधी टोचलेले विष अंगातून निघत नाही, तसाच हा प्रकार.

मग संशोधकांना पुढची शंका आली. पक्षी मेले हे खरे, पण गाय तर मरत नाही. मग ते विष जाते कुठे? 1963 साली अ‍ॅलक्रॉफ्ट आणि कार्नॅघन या इंग्रज संशोधकांनी दाखवून दिले की विषारी ढेप खाणाऱ्या गाईच्या दुधाने बदकाच्या पिल्लांची यकृते बिघडतात. गाईच्या यकृतात बी-1 चे रूप बदलते आणि ते दुधात उतरते. दुधावरून त्याला एम-1 असे म्हणतात. गाईने खाल्लेल्या बी-1 पैकी साधारण शेकडा एक ते तीन भाग दुधात येतात, भरपूर दूध देणाऱ्या गाईत याहून अधिक. विषारी खाद्य पोटात गेल्यावर दिवसाच्या आत ते दुधात दिसू लागते. खाद्य बंद केले तर तीन-चार दिवसांत दूध जवळजवळ स्वच्छ होते. म्हणजे गाय ही गाळणी आहे खरी, पण तिच्या गाळण्याला भोके आहेत.

तेव्हा 'ढोराला चालते' या जुन्या नियमाचे काय झाले? मोठ्या बैलाला थोडी काळी ज्वारी चालते, हे अंशतः खरे आहे. वासरांना आणि कोंबड्यांना ती चालत नाही. आणि दुभत्या जनावराला चारलेली वस्तू ही जनावराला चारलेली नव्हेच. ती उद्या सकाळी आपल्याच लेकरांच्या पेल्यात येते.

हे सारे विलायतेतले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. 1965 साली आंध्रातल्या मुऱ्हा म्हशींना भुईमुगाच्या ढेपेने झालेल्या विषबाधेचा वृत्तांत आपल्या देशातल्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात छापून आला. आणि 1974 साली तर पाळी माणसांवरच आली. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल हा आपल्या मेळघाटासारखाच डोंगराळ, आदिवासी मुलूख. तिथे मका हेच मुख्य अन्न. त्या वर्षी कापणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला, कणसे भिजली, आणि गरीब घरांनी ती तशीच साठवली. काही आठवड्यांत माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी साठले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला. त्यांनी नोंदलेल्या 397 रोग्यांपैकी 106 दगावले. त्याच घरांतल्या कुत्र्यांनाही तसाच आजार दिसला, कारण त्यांच्याही पुढ्यात त्याच मक्याची भाकर पडत होती. पुढे 1995 साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. तिथे दोष दुसऱ्या जातीच्या बुरशीचा होता. तिच्या विषाला फ्युमोनिसिन म्हणतात.

आता पुन्हा आपल्या वावरात येऊ. आपली जुनी गावरान ज्वारी उशिरा निसवायची. दाणा भरेपर्यंत पाऊस उलटून गेलेला असे, आकाश कोरडे झालेले असे. 1964 साली सीएसएच-1 हा पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. त्याने उत्पन्न वाढवले, अन्नटंचाईच्या दिवसांत मोठे काम केले. त्याचे उपकार विसरता येत नाहीत. पण हे लवकर येणारे वाण पाऊस चालू असतानाच दाणे भरत. कणसे भिजली आणि काळ्या ज्वारीचे संकट घरोघर आले. बाजारात तिला भाव नाही, भाकर कडू. मग ती कोंबड्यांच्या आणि ढोरांच्या खाद्यात गेली. अकोल्याला 1969 साली स्थापन झालेल्या आणि पुढे पंजाबराव देशमुखांचे नाव लाभलेल्या कृषी विद्यापीठात आणि देशातल्या इतर केंद्रांत, बुरशीला दाद न देणारे वाण शोधण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले. त्यानंतर सोयाबीन आले आणि ज्वारीचे वावर आक्रसले. पण सोयाबीन कापायला येते तेही परतीच्या पावसातच. 2019 साली ऑक्टोबरअखेरच्या पावसाने उभ्या ज्वारीच्या कणसांना कोंब फुटले आणि सोयाबीनच्या गंज्या सडल्या, ते आपण विसरलेलो नाही. त्या सडलेल्या सोयाबीनचे कुटार कोणाच्या गव्हाणीत गेले, हे ज्याचे त्याला माहीत.

कापसाचीही गोष्ट अशीच. बोंडाला अळीने भोक पाडले की बुरशीला आत जायला आयते दार मिळते. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आपल्या भागात जो कहर केला, त्यात रुईचे नुकसान सर्वांना दिसले. आतली सरकी कोणी फोडून पाहिली नाही. आणि अकोल्याच्या दालमिलांतून निघणारी तुरीची चुनी, गहू-तांदळाचा कोंडा, या साऱ्यांची वाट तीच. दाण्याचा जो भाग माणूस टाकतो, त्यातच फुटका, किडका, डागी माल अधिक असतो, आणि पीठ झाल्यामुळे तो हवेतली ओल लवकर ओढतो.

सरकारदरबारीही याची दखल घेतली गेली आहे. संमिश्र पशुखाद्याच्या भारतीय मानकात अफ्लाटॉक्सिन बी-1 ची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. दुधात एम-1 किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा नियम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. यावरून वस्तू किती जहाल ते समजावे. 2018 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभर दुधाची पाहणी केली. 6,432 नमुने तपासले. आपल्या सर्वांना भीती असते ती भेसळीची. पण भेसळीमुळे घातक ठरलेले नमुने निघाले अवघे 12. एम-1 मर्यादेपलीकडे असलेले नमुने निघाले 368, म्हणजे शेकडा 5.7. यांतले पुष्कळसे पिशवीबंद दुधाचे होते. दुधात पाणी घालणारा गवळी आपण चटकन ओळखतो. हे विष घालणारा मात्र कोणी नाही. ते खाद्यातून, कोणाच्याही नकळत येते.

मग शेतकऱ्याने काय करावे? ढेप फेकून द्या, असे सांगणे सोपे आहे. पण एक पोते ढेप म्हणजे काय किंमत, हे घेणाऱ्यालाच कळते. म्हणून जमण्याजोग्या चार गोष्टी सांगतो.

पावसाळ्यात ढेपेचा साठा करू नये. पंधरा दिवस पुरेल एवढीच घ्यावी आणि घेताना पोते उघडून पाहावे. हाताला गरम लागली, कुबट वास आला, आत जाळी किंवा हिरवट भुकटी दिसली, तर ती घेऊ नये. पोती जमिनीवर आणि भिंतीला लावून ठेवू नयेत. खाली फळ्या टाकाव्यात, भोवती हवा खेळू द्यावी, वर गळते का ते पाहावे. आंबोणासाठी ढेप भिजवावी ती एका वेळेपुरतीच; कालची भिजलेली आज चारू नये, आणि घमेले रोज घासून उन्हात पालथे घालावे. वावरातून आलेला दाणा दाताखाली कट्‌कन फुटेल इतका वाळवल्याशिवाय कोठीत टाकू नये.

घरात डागी माल असलाच, तर तो दुभत्या, गाभण जनावराला आणि वासराला कदापि देऊ नये. जनावर खाद्य सोडू लागले, दूध अकारण आटले, अंगावरचे केस राठ झाले, वासरू कुंथू लागले, तर आधी खाद्य बदलावे आणि पशुवैद्याला दाखवावे. ही लक्षणे इतर रोगांतही दिसतात, म्हणून आपणच निदान करू नये. वैद्याला मात्र आवर्जून सांगावे की ढेप कुठली, केव्हा आणली. नमुना जपून ठेवावा. इंग्लंडात लाख पक्षी मेल्यावर कोडे सुटले ते औषधाने नव्हे, तर 'यांनी खाल्ले काय?' या साध्या प्रश्नाने.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा धडा शाळेत सहज दाखवता येतो. ढेपेचे दोन तुकडे घ्या. एक कोरडा आणि एक पाणी शिंपडलेला, असे दोन काचेच्या बाटल्यांत ठेवून बुचे घट्ट लावा, आणि वर तारीख लिहा. आठवड्याने मुलांना दुरूनच दोन्हींतला फरक पाहू द्या. बाटली उघडू नका, वास घेऊ देऊ नका. पुढे तशीच खोल पुरून टाका. मुले घरी जाऊन गव्हाण तपासतील, ही खात्री बाळगा. आजीला पूर्वी जे हाताने कळत होते, ते नातवाला आता डोळ्याने कळू द्या.

कारण गेलेली वस्तू आहे ती हीच. आगगाडीने सरकी नेली, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. बाजारही हवा, गिरणीही हवी. पण सरकीबरोबर तिची पारखही आपण शहरात पाठवून दिली, ती मात्र परत आणायला हवी. ज्याने माल घेतला त्यानेच तो उघडून पाहायचा, विचारायचे, नाकारायचे. एका शेतकऱ्याने पोते परत केले तर दुकानदार हसेल; साऱ्या गावाने परत केले तर गिरणीवाला गोदामाचे छप्पर शाकारील.

येत्या पोळ्याला बैलाच्या पुढ्यात ढेप ठेवण्याआधी तो तुकडा एकदा फोडून पाहा, नाकाशी न्या. वर्षभर ज्याने आपले ओझे ओढले, त्याला जेवायला बोलावले आहे. पाहुण्याच्या ताटात आपण शिळे वाढत नाही.